गुलाब नको, ऑफ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

12 मेला परिचारिका दिन झाला, जिल्ह्याच्या पानावर तुम्ही आमचा फोटो छापलात, हातात एकेक गुलाब, मी मागच्या रांगेत. फोटोच्या आधी दीड तास ताणमुक्त जीवनावर व्याख्यान होतं ते बातमीत आलं नाही. सर चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू, पण श्वास आत घ्या, श्वास सोडा चालू असताना माझ्या शेजारची सिस्टर चक्क घोरत होती, कारण तिची नाईट झाली होती आणि व्याख्यानाला हजेरी घेणार म्हणून ती घरी न जाता तशीच थांबली होती.

मी मराठवाड्यातल्या एका सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, 2020 आणि 21 दोन्ही लाटा कोविड वॉर्डात काढल्यात. पीपीई किटमध्ये पाणी प्यायचं नाही, बाथरूमला जायचं नाही, पाठीवर मार्करने नाव लिहायचं म्हणजे कोण कुठली ते कळायचं, हे सगळं तेव्हा छापून आलंय, परत सांगत नाही. थाळ्या वाजल्या, 3 मेला हेलिकॉप्टरमधून दवाखान्यांवर फुलं टाकली, तेही सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं.

जे कुणी विचारलं नाही ते सामानाचं. पेशंट गेला की नातेवाईक आत येऊ शकत नव्हते, मग त्याचं सामान आम्हीच गोळा करायचो. मंगळसूत्र, कवळी, मोबाईल, चार्जर, कुणाची पोथी. दागिना गॉजमध्ये गुंडाळायचा, वर मायक्रोपोरची पट्टी, पट्टीवर बेड नंबर, रजिस्टरला दोघींच्या सह्या. एप्रिल 2021 मध्ये एका रात्री चार पिशव्या भरल्या आम्ही, मी आणि आमच्या वॉर्डातल्या मावशी. सकाळी गेटवर एका मुलाने पिशवी उघडली आणि म्हणाला आईचा चष्मा कुठंय. चष्मा नव्हता. त्याने रजिस्टर भिरकावलं, नको ते बोलला. आता 22 एप्रिल 2020 चा वटहुकूम होता की, आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला म्हणजे अजामीनपात्र गुन्हा, गंभीर दुखापत केली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा, पण आई गेलेल्या पोरावर कोण तक्रार करणार? मी परत आत जाऊन धुण्याला टाकलेल्या चादरी झटकून बघितल्या, बेडखाली बघितलं, नाहीच सापडला. आजही बेड बनवताना मी उशीखाली हात घालून बघते. दिवसातून वीस-पंचवीस वेळा. आमच्या इनचार्ज सिस्टरना वाटतं माझं काम फार नीटनेटकं आहे.

बर्नआउट हा शब्द आम्हाला नंतर कळला, त्याआधी आम्ही नुसतं वैताग आलाय म्हणायचो. डब्ल्यूएचओने 2019 मध्येच, म्हणजे कोविडच्या आधी, लिहून ठेवलंय की हा आजार नाही, कामाच्या ठिकाणचा सततचा ताण ज्याचा बंदोबस्त कुणी नीट केला नाही त्यातून हे होतं. म्हणजे बघा, गडबड ड्युटीच्या तक्त्यात आहे आणि प्राणायाम मला करायला लावताय! इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात आयसीयूत एका बेडला एक नर्स आहे, आमच्याकडे त्या एप्रिलमध्ये बारा बेडना आम्ही दोघी होतो, आणि त्यातली एक कंत्राटी, जिला लाट ओसरल्यावर एका कागदावर घरी पाठवलं. आता ती मेडिकल दुकानात बसते, म्हणते निदान रात्री झोप लागते.

पहिल्या लाटेत सात दिवस ड्युटी की सात दिवस लॉजवर क्वारंटाईन असायचं, कंटाळवाणं होतं पण झोप व्हायची, दुसऱ्या लाटेत तेही गेलं. 50 लाखांचा विमा होता तो मेल्यावर. आशाताईंनी तर घरोघर फिरून ऑक्सिजन तपासले, तेही कसल्या मानधनावर, शेवटी जून 2021 मध्ये संपावर जावं लागलं तेव्हा कुठे थोडे पैसे वाढले.

आता टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, 14416 नंबर आहे, ऑक्टोबर 2022 पासून, त्याचं पोस्टर वॉर्डात मीच चिकटवलंय. एकदा रात्री तीनला मी स्वतःच लावला. पलीकडच्या ताई मराठीत बोलल्या, अगदी आपुलकीने, विचारलं झोप नीट होते का. मी म्हटलं आत्ता ड्युटीवर आहे. त्यांनापण हसू आलं, म्हणाल्या मीपण. तेवढ्यात सात नंबरची सलाईन संपली म्हणून ठेवला फोन.

सरांना परत बोलवा, आमची हरकत नाही, फक्त नाईटनंतर नको. आधी रिकाम्या पोस्ट भरा, नाईटचा ऑफ हक्काने द्या, उद्या देऊ परवा देऊ करून तो बुडतो. आणि कुणी मानसोपचार ओपीडीला गेलीच तर ते तिच्या सर्व्हिस फाईलला लागणार नाही असं लेखी काढा, कारण आमच्या ओळखीच्या दोघी दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन, खोटं नाव सांगून गोळ्या आणतात, दवाखान्यातच नोकरी करून!

पत्र छापलंत तर नाव छापू नका, मेट्रन मॅडम तुमचाच पेपर वाचतात. फोटोत मी कोण ते त्यांना कळायला नको म्हणून मागच्या रांगेत कितवी ते वर मुद्दाम लिहिलं नाही.

आपली,
एक स्टाफ नर्स