बंद चक्र आत, टॉवर बाहेर

नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटर (सर्व्हर संगणकांची केंद्रे) वाढत आहेत. त्यांचे कूलिंग गाडीच्या रेडिएटरसारखे बंद चक्रातले, त्यामुळे पाणी लागत नाही, असे सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे: आतले पाणी बंद चक्रात फिरते, पण त्याने आणलेली उष्णता बाहेर हवेत फेकावीच लागते.

इंजिनातले कूलंट ९० अंशांच्या आसपास फिरते. बाहेरची हवा ३३ अंश धरली तरी फरक मोठा, म्हणून छोटा रेडिएटर पुरतो. सर्व्हरच्या चिपवरून परतणारे पाणी साधारण ४० ते ५० अंशांचे. तीच उष्णता फेकायला मग कितीतरी मोठी जाळी आणि पंखे लागतात. खाऱ्या वाऱ्यात तर ॲल्युमिनियमच्या जाळीवर संरक्षक लेप हवाच, नाहीतर ती लवकर गंजते.

हा खर्च टाळून ओला कूलिंग टॉवर (पाण्याची वाफ करून उष्णता घालवणारा) बसवला, की दर युनिट (किलोवॉट-तास) उष्णतेमागे सुमारे दीड लिटर पाणी वाफ होऊन जाते. १ मेगावॉटला दिवसाला सुमारे ३५ हजार लिटर! साचणारे क्षार काढायला सोडावे लागणारे पाणी वेगळेच.

म्हणून परवानगी देताना टॉवर ओला की कोरडा (जाळी-पंख्यांचा), पाणी पिण्याचे की प्रक्रिया केलेले सांडपाणी, हे महापालिकेने लेखी घ्यावे आणि जाहीर करावे.

– एक वाचक, ठाणे