अक्षरं सोडून चुना मारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गावात एसटी थांब्याला लागून एक स्मारक आहे. १९९९ साली कारगिलमध्ये धारातीर्थी पडलेल्या आमच्या गावच्या जवानाचं. चौथरा, काळ्या दगडाची पाटी आणि वर सिमेंटची उलटी रायफल, तिच्यावर हेल्मेट. लोकवर्गणीतून बांधलं, मी तेव्हा नोकरीत होतो, माझेही पाचशे रुपये त्यात आहेत. आता रायफलीचं सिमेंट फुटून आतली सळई दिसते. भोवतीची साखळी केव्हाच भंगारात गेली. सुगीत चौथऱ्यावर सोयाबीन वाळत पडलेलं असतं. त्याला माझी हरकत नाही, त्या निमित्तानं झाडलोट तरी होते.

२६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आदल्या दिवशी ग्रामपंचायतीचा माणूस येतो आणि सरसकट चुना मारून जातो. पाटीलासुद्धा. मग झेंडावंदनाच्या आधी मी जुनं रुपयाचं नाणं घेऊन एकेका अक्षरातला चुना खरवडत बसतो. पाऊण तास लागतो. ‘ज्ञ’ सगळ्यात वाईट.

गेल्या वर्षी डागडुजीसाठी अर्ज दिला. गवंडी, रंग आणि पाटी मिळून १८ हजारांचा अंदाज होता. ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) भला माणूस आहे. म्हणाले, “मेजर, वित्त आयोगाकडून गावाला येतो त्या पैशातले ६० टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेले. उरलेल्यातून करायचं तर गावाच्या विकास आराखड्यात नाव पाहिजे, आणि तिथं गटार आधी येतं.” (मी हवालदार म्हणून निवृत्त झालो, पण आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच.) जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात गेलो, तर तिथले साहेब म्हणाले, सशस्त्र सेना ध्वजदिनाचा निधी वीरपत्नी, मुलांचं शिक्षण, आजारपण यासाठी आहे. हे मला पूर्ण पटतं. त्यातला रुपयाही दगडाला जाऊ नये. पण मग दगडासाठी सरकारी हिशोबात वेगळं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं, का नाही?

नोकरीत असताना एकदा खडकीच्या युद्ध दफनभूमीत गेलो होतो. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी तिथं आहेत. एक माळी गुडघे टेकून एकाच दगडाभोवतीचं गवत कातरीनं कापत होता. कुणी पाहुणा येणार नव्हता, तारीखही विशेष नव्हती. ही देखभाल १९१७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रकुल युद्ध कबर आयोगाकडं आहे. सहा देश आपापल्या कबरींच्या प्रमाणात दरवर्षी पैसे देतात आणि त्यात आपल्या भारताचाही वाटा आहे. जिथं कायमच्या देखभालीची खात्री नव्हती, तिथल्या कबरी मुद्दाम खडकीला आणल्या गेल्या. आमच्या जवानाला गावच्या स्मशानभूमीत अग्नी दिला. त्याची कबर नाही. जे आहे ते थांब्यावरचं, आणि ते उचलून कुठं नेणार?

आमचा सातारा जिल्हा. इथल्या अपशिंगे मिलिटरी या एका गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात धारातीर्थी पडले. अशा गावांत स्मारकं असणारच. दिल्लीचं राष्ट्रीय समर स्मारक १७६ कोटींचं झालं, ते व्हायलाच हवं होतं. पण जवानाची आई काही दिल्लीला जात नाही. ती बाजारच्या दिवशी एसटीची वाट बघते ती इथं, त्याच चौथऱ्यावर टेकून.

मागणी मोठी नाही. जिल्ह्यातल्या अशा स्मारकांची एक नोंदवही करावी आणि प्रत्येकाला जिल्हा नियोजनाच्या निधीतून वर्षाला १० हजार रुपये बांधून द्यावेत. उद्घाटनाला मंडप घालतात, त्याहून हे स्वस्त पडेल.

ते होईल तेव्हा होवो. येत्या २५ जानेवारीला मात्र ग्रामपंचायतीनं एवढं करावं: चुना अक्षरं सोडून मारावा. माझी नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही.

आपला,
एक निवृत्त हवालदार, मराठा लाइट इन्फंट्री
ता. कोरेगाव, जि. सातारा