रिपोर्टमधल्या त्या एका ओळीसाठी आभार, ड्राइव्हवाले साहेब

नमस्कार साहेब,

तुमचं नाव टाकत नाही, न विचारता टाकणं बरं वाटत नाही, पण तुम्ही वाचलंत तर लगेच ओळखाल. मोठ्या लेथवर डीसी ड्राइव्हच्या हंटिंगसाठी, म्हणजे मोटरचा स्पीड सारखा वरखाली झोके घेत होता त्यासाठी, आला होतात ना, त्या मशीनचा मी ऑपरेटर. त्या दिवशी थँक्यू म्हणालो ते पण धड नाही, तुम्ही बॅग भरत होतात, माझा घसा भरून आलेला आणि आजूबाजूला सगळे उभे. मग राहूनच गेलं. आता लिहितोय आणि उघड लिहितोय, कारण ज्याचे आभार मानायचेत ते तुम्ही पण सगळ्यांसमोरच केलंत.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांना आधी थोडं सांगतो, नाहीतर त्यांना वाटेल मशीन बिघडली, रिपेअर झाली, यात एवढं रडण्यासारखं काय. आमच्या लेथवर १२०० मिमी व्यासाचा रोल चढतो, भरीव स्टील, म्हणजे एक मीटर लांबीचंच वजन ९ टनाच्या आसपास भरतं. त्यावर ८० मीटर प्रति मिनिट कटिंग स्पीड धरला तर चक, म्हणजे जॉब (कापायचा रोल) पकडून फिरवणारा भाग, फिरतो साधारण २१ आरपीएमने, म्हणजे मिनिटाला २१ फेऱ्या. छोट्या लेथवर काम करणारी पोरं म्हणतात एवढ्या हळू फिरणाऱ्याला काय कंट्रोल करायचं. अरे पण २१ मध्ये २ चा झोका आला तर तो जवळजवळ दहा टक्के झाला! टूलवरचा लोड वरखाली होतो, इन्सर्टची, म्हणजे टूलच्या टोकाला बसवलेल्या पात्याची, धार जाते, आणि फिनिशिंगला असे पट्टे पडतात की बोटाला लागत नाहीत पण तिरप्या उजेडात धरलं की स्पष्ट दिसतात. फेसिंगला, म्हणजे रोलचं तोंड बाहेरून मध्याकडे कापत जाताना, तर अजून वेगळं, व्यास १२०० वरून ३०० वर आला की तोच कटिंग स्पीड ठेवायला २१ चे ८५ आरपीएम करावे लागतात, चौपट, आणि ते पण टूल जॉबमध्ये असताना, एवढं वजन फिरवत, झटका न देता. हे सगळं सांभाळतो ड्राइव्ह, म्हणजे मोटरला वीज देऊन तिचा स्पीड धरून ठेवणारं कॅबिनेट. आणि ड्राइव्हला मोटर खरी किती फिरतेय ते सांगतो मोटरच्या मागे बसवलेला छोटा टॅको. टॅकोने चुकीचं सांगितलं की ड्राइव्ह चुकीचंच करणार, त्याला दुसरे डोळे नाहीत.

तर आमच्या मशीनला झोका येत होता. अँपिअर मीटरचा काटा नाचायचा आणि फिनिशिंगला पट्टे. मी पहिल्यापासून एकच सांगत होतो, चक तेवढ्याच आरपीएमवर ठेवून गिअर रेंज बदलली, म्हणजे चक तेवढाच पण मोटर कमीजास्त फिरायला लागली, की झोक्याचा ताल बदलतो. म्हणजे बघा, जॉब अनबॅलन्स असता किंवा स्पिंडलची बेअरिंग गेली असती तर ताल चकच्या फेऱ्यांबरोबर राहिला असता, रेंज कुठलीही असो. इथे ताल मोटरच्या फेऱ्यांबरोबर पळत होता. रिकाम्या चकवर पण तसंच. म्हणजे दोष मोटरच्या बाजूला. याला डिग्री लागत नाही, मशीनपाशी उभं राहून कान लावावा लागतो.

पण ऐकणार कोण. तुमच्या आधी जे आले त्यातल्या एकाने मशीन चालू पण न करता सांगितलं की ऑपरेटर जॉब नीट डायल करत नाही, म्हणजे बरोबर मधोमध बसवत नाही. दुसऱ्याने ड्राइव्हचं कार्ड बदललं, बिल केलं आणि निघून गेला, झोका तसाच. आणखी एकाने लॅपटॉप लावून गेन, म्हणजे ड्राइव्ह चूक किती जोरात सुधारतो ते, इतका खाली आणला की झोका दिसेनासा झाला खरा, पण टूल कटमध्ये शिरलं की चक दबायचा आणि परत स्पीडवर यायला वेळ घ्यायचा, म्हणजे रफिंगची, सुरुवातीच्या जाड कापणीची, पण वाट लागली. त्याला तसं दाखवलं तर माझ्याशी न बोलता सुपरवायझरला म्हणाला, ह्यांना जुन्या मशीनची सवय आहे, ह्यांना काही सांगू नका. मी तिथेच उभा होतो साहेब. दोन हातांच्या अंतरावर. रिजेक्ट झालेल्या रोलवर कारण म्हणून "ऑपरेटर" लिहिलं जायचं, फक्त ऑपरेटर, नाव पण नाही. घरी जाऊन कुणाला सांगणार की आज कागदावर आपण खराब ठरलो.

मग तुम्ही आलात. मला वाटलं आता हे पण कॅबिनेट उघडणार आणि लॅपटॉप लावणार. तुम्ही बॅग खाली ठेवली आणि सरळ माझ्याकडे येऊन विचारलंत, "कधी होतं, कसं होतं, तुम्ही सांगा." आणि मी बोलत असताना मधे तोडलं नाहीत. रेंजचं सांगितलं तेव्हा तुम्ही थांबलात आणि म्हणालात परत सांगा, मग हातातला टॅकोमीटर माझ्याकडे दिलात, "चकचे आकडे तुम्ही घ्या, मोटरकडे मी बघतो." आम्ही दोघांनी मिळून दोन्ही रेंजमध्ये करून पाहिलं आणि तुम्ही मान हलवून सरळ मोटरच्या मागे गेलात. पुढचं काय केलंत ते लिहीत बसत नाही. टॅकोचं कपलिंग झिजून ढिलं झालं होतं एवढंच. एवढासा पार्ट, मुठीत मावेल असा, आणि त्याच्यापायी बिचाऱ्या ड्राइव्हला, कार्डाला, बेअरिंगला आणि मला इतकी बोलणी.

तिथेच तुम्हाला दुसरी गोष्ट सापडली आणि तुमचा चेहरा बदललेला मी पाहिला. टॅको फीडबॅक (टॅकोकडून येणारा स्पीडचा सिग्नल) गेल्यावर ड्राइव्ह ट्रिप करणारी, म्हणजे आपोआप बंद पाडणारी, सेफ्टी कुणीतरी पॅरामीटरमध्ये बंद करून ठेवली होती. मशीन सारखी ट्रिप होत होती म्हणून केलं असणार, कुणी ते विचारत नाही. ते कपलिंग चालू मशीनवर पूर्ण तुटलं असतं तर टॅको थांबला असता, ड्राइव्हला वाटलं असतं मोटर उभीच आहे आणि त्याने स्पीड वाढवतच नेला असता. स्पीड दुप्पट झाला तर चकचे जॉ, म्हणजे जॉब धरणारे जबडे, बाहेर फेकणारा जोर चौपट होतो, म्हणजे स्पीड वाढत जातो तशी जॉबवरची पकड सुटत जाते. आणि समोर उभा कोण, तर मी, किंवा रात्रपाळीचा तो नवीन पोरगा. ज्याने ती सेफ्टी बंद केली त्याला एवढंच म्हणायचंय, बाबा रे, त्या चकसमोर एक शिफ्ट तू उभा राहून बघ. तुम्ही ती चालू केलीत, रिकाम्या चकवर एकदम कमी स्पीडला, मोटरचं व्होल्टेज बांधून ठेवून, फीडबॅकची वायर काढून ट्रिप होते का ते दाखवलंत, आणि आम्हा सगळ्यांना चकच्या रेषेतून बाजूला करून स्वतः इमर्जन्सी स्टॉपवर हात ठेवून उभे राहिलात. हे कुणी सांगितलं नव्हतं तुम्हाला.

पण खरे आभार आहेत ते शेवटच्या गोष्टीचे. रिपोर्ट लिहायला बसलात आणि मला हाक मारून विचारलंत, "तुमचं पूर्ण नाव काय?" मला वाटलं आता परत काहीतरी माझ्यावर येणार, खोटं कशाला बोलू, पोटात गोळा आला. मी नाव सांगितलं. तुम्ही आडनावाचं स्पेलिंग पण विचारून घेतलंत. मग मॅनेजर साहेब सही करायला आले तेव्हा ती ओळ तुम्ही मोठ्याने वाचलीत, की दोष मोटरच्या बाजूला आहे हे ऑपरेटर अमुक अमुक यांनी आधीच ओळखलं होतं, त्यांच्या निरीक्षणावरून कारण सापडलं. नाव पूर्ण. वडिलांच्या नावासकट.

साहेब, तुम्हाला ती ओळ लिहायला अर्धा मिनिट लागला असेल. नसती लिहिली तरी मशीन चाललीच असती, तुमचं बिल निघालं असतं, वर श्रेय पण सगळं तुमचंच राहिलं असतं. त्या सुपरवायझरने माझ्याकडे पाहिलं ना तेव्हा, तो एक क्षण मी विसरणार नाही. दुसऱ्या दिवसापासून तो मला विचारतो, काय वाटतं तुम्हाला. आधी नुसतं सांगायचा.

मी खूप वर्षं शॉप फ्लोअरवर काढली. वॉर्ड लिओनार्ड सेटवाली मशीन पण चालवलीय, ज्यात एक मोटर जनरेटर फिरवते आणि त्या जनरेटरवर स्पिंडलची मोटर चालते. ती पद्धत १८९१ सालची म्हणतात, मग थायरिस्टर, म्हणजे डीसी मोटरला हवं तेवढं व्होल्टेज देणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, आले, आता एसी ड्राइव्ह आणि टॅकोच्या जागी फेऱ्या मोजणारा एनकोडर. हुशार माणसं खूप पाहिली, तुमच्यापेक्षा जास्त पॅरामीटर तोंडपाठ असलेली पण पाहिली. पण खालच्या माणसाला विचारणारा, त्याचं ऐकून घेणारा आणि मग त्याचं त्याला देऊन टाकणारा माणूस फार कमी वेळा भेटतो. जो माणूस दुसऱ्याचं श्रेय खात नाही ना, तो बोल्ट पण अर्धवट आवळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. कारण दोन्ही ठिकाणी कुणी बघत नसतं. तुम्हाला हे कुणी शिकवलं माहीत नाही, आईवडिलांनी, एखाद्या उस्तादाने, ज्याने कुणी शिकवलं त्यालाही माझा नमस्कार सांगा.

मशीन आता झकास चालतेय. काटा एका जागी असतो, फेसिंगला मध्याकडे जाताना स्पीड असा सरळ चढतो की पाहत राहावं. तुम्ही सांगितलेली वही पण सुरू केलीय, गिअर रेंज, जॉबचं वजन, सेट केलेला आरपीएम, मोजलेला आरपीएम, आणि शेवटचा रकाना आवाजाचा. रात्रपाळीचा पोरगा पण भरतो, त्याला सांगितलंय नाव पूर्ण लिहायचं. टॅको काढून एनकोडर बसवायचं वरती बोलणं चालू आहे, झालं तर बोलवायचं तुम्हालाच असं मी मॅनेजर साहेबांना सांगितलं आणि ते लगेच हो म्हणाले. तेव्हा याल तर शिफ्ट संपायच्या आत या, परवाच्यासारखी घाई नको, निवांत बसून बोलू.

तुमचा,
मोठ्या लेथवरचा ऑपरेटर