स्टुलावर चढणं आता बंद

प्रिय आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर अर्धवट बोलणं झालं आणि बाबा नुसतं "बरं" म्हणाले. ते "बरं" मी ओळखते, म्हणून सविस्तर लिहिते. न्यू जर्सी सोडून ॲरिझोनातल्या फीनिक्सला जायचं आमचं नक्की झालंय. तुमच्या जावयाने होकार कळवला, घरही ठरलं, ऑक्टोबरच्या मध्यात सामान हलेल. आधी विचारलं नाही, कारण तुम्ही "आमचं काय, तुमचं तुम्ही बघा" म्हणाला असतात आणि रात्र जागून काढली असतीत.

पगार, घरभाडं, थंडीत उसळणारा माझा दमा, ही कारणं आहेतच. पण मला सगळ्यात पटलेलं कारण तुमच्या दोघांशी जोडलेलं आहे. तिथे घड्याळ बदलत नाहीत.

बाबा, इथले लोक काटे का फिरवतात, हे तुम्ही दर वर्षी विचारता. न्यू जर्सीत जूनचा दिवस पंधरा तासांचा आणि डिसेंबरातला जेमतेम सव्वानऊ. आपल्याकडे एवढा फरक पडतच नाही. काटे जागेवर ठेवले तर जूनमध्ये पहाटे साडेचारलाच सूर्य वर येतो आणि सगळे झोपेत. तो उजेड संध्याकाळी कामी यावा म्हणून मार्चच्या दुसऱ्या रविवारी रात्री दोनचे थेट तीन करतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी दोनचा परत एक. १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात, जर्मनीने कोळसा वाचवायला हे सुरू केलं. आप्पा सांगायचे ना, दुसऱ्या महायुद्धात आपलीही घड्याळं तासभर पुढे केली होती म्हणून? तेच हे. आपल्याकडे १९४५ मध्ये ते थांबलं.

फीनिक्सला उन्हाळ्यात पारा ४३ च्या वर जातो, मग संध्याकाळी आणखी तासभर ऊन कोण मागेल? ॲरिझोनाने १९६७ मध्ये करून पाहिलं आणि १९६८ पासून सोडून दिलं. आई, लगेच चेहरा पाडू नकोस. अकोल्याच्या लेकीला उन्हाळा मी काय सांगू! हवा कोरडी, घरात, गाडीत, शाळेत सगळीकडे एसी. घरामागे लिंबाचं झाड आहे. तुझं लोणचं तिथेच घालू.

आता फोनचं. इथून मी सकाळी नऊला फोन करते तेव्हा उन्हाळ्यात तुमचे साडेसहा वाजलेले असतात, नोव्हेंबरनंतर साडेसात. आठला करावा तर चिऊची शाळेची बस. साडेसात म्हणजे नेमकी बाबांची जेवायची वेळ. इन्शुलिन घेऊन झालेलं, ताट वाढलेलं आणि बाबा फोन धरून बसलेले. मागच्या हिवाळ्यात एकदा साखर उतरून हात थरथरले आणि घाम फुटला होता, हे मला ताईकडून कळलं. आई, तू मला सांगायला हवं होतंस. रागावले नाहीये, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

फीनिक्सहून सकाळी साडेसहाला फोन करीन. तेव्हा तुमचे संध्याकाळचे सात. बारा महिने सातच. लवकर उठावं लागेल म्हणून हळहळू नका. उन्हाच्या भीतीने तिथे सगळेच भल्या पहाटे उठतात.

आणि बाबा, हॉलमधलं ते माझी इथली वेळ दाखवणारं "मनूचं घड्याळ". मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये तुम्ही स्टुलावर चढून ते बदलता. मला घड्याळ शिकवायला तुम्ही पुठ्ठ्याची तबकडी केली होतीत, काट्यांना आईच्या शिवणाच्या डब्यातलं बटण लावून. मी "साडेदोन" म्हणायचे, तुम्ही न कंटाळता "अडीच" म्हणायचात. त्या हातांना आता स्टुलावरून तोल सावरत काटा फिरवायला लागू नये, एवढंच मला हवंय. फरक आता साडेबारा तासांचा. तुमच्या घड्याळातून अर्धा तास वजा केला की माझी वेळ, फक्त तुमची रात्र तेव्हा माझी सकाळ.

तुम्ही आलात की मॉन्युमेंट व्हॅलीला जाऊ. तो भाग नवाहो या इथल्या मूळ रहिवाशांचा. त्यांची जमीन तीन राज्यांत पसरलेली, म्हणून ॲरिझोनात असूनही ते काटे बदलतात. त्यांच्या जमिनीने वेढलेले होपी हे दुसरे मूळ रहिवासी मात्र बदलत नाहीत. बाबांना मनगटावरचं घड्याळ हवं तेवढं फिरवायला मिळेल, तेही गाडीत बसून.

दादाच्या मेलबर्नचे काटे हलत राहणार. त्याला बजावलंय की फोन तुमच्या जेवणाच्या वेळेत येता कामा नये. त्याचं घड्याळ शेजारच्या पोराकडून बदलून घ्यायचं. स्टूल आजच माळ्यावर टाका, आई, तू नाही, कामवाल्या मावशींना सांग. इन्शुलिन घेतलं की आधी जेवायचं, फोन कोणाचाही असो. खिशात खडीसाखर ठेवायची. येत्या सोमवारी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, करून घ्या आणि रिपोर्टचा फोटो पाठवा, नुसतं "नॉर्मल आहे" चालणार नाही.

तुमची,
मनू