नाना, सत्तावीस नंबरची खुर्ची रिकामी ठेवल्याबद्दल

आदरणीय नाना,
सा. न. वि. वि.

हे पत्र खरं तर तुमच्या हातात द्यायचं होतं. दोनदा खिशात घालून आलोही. पण तुमच्यासमोर आभाराचा 'आ' काढला की तुम्ही "चहा घे" म्हणून विषय कापता. म्हणून आता चारचौघांत लिहितोय, इथे तुम्हाला चहा मागवता येणार नाही. नात वाचून दाखवेल. तिला सांगा, मधलं काही गाळू नकोस.

मी 2017 च्या जूनमध्ये परंड्याकडच्या गावातून पुण्यात आलो, फिजिक्समधली बीएस्सी घेऊन. ठरवून आलो असं म्हणवत नाही. आमच्या कॉलेजातले नऊ जण निघाले होते, मी दहावा. एसटीत बसताना वडिलांनी विचारलं, "किती वर्सं लागतील?" मी म्हणालो, दोन. मला कुठून माहीत असणार? नवव्याने त्याच्या वडिलांना दोन सांगितलं होतं.

मग सगळ्यांचं जे होतं ते झालं. सहा जणांच्या खोलीत कॉट बेसिसवर जागा, मेसचा डबा, शास्त्री रोडवरच्या झेरॉक्स आणि तुमच्या अभ्यासिकेतली सत्तावीस नंबरची खुर्ची. त्या गर्दीला मी आज नावं ठेवणार नाही. तिथली पोरं कष्टाळू होती, बहुतेक माझ्याहून हुशार. अठ्ठावीस नंबरवाला आज राज्य कर निरीक्षक आहे. त्याची पोस्ट निघाली तेव्हा त्याच्या गावात जेसीबीवर चढून गुलाल उधळणाऱ्यांत मीही होतो आणि तो आनंद खोटा नव्हता.

अडचण माझी होती. "पोरगा काय करतो?" या प्रश्नाला "एमपीएससी करतो" हे पूर्ण उत्तर असतं आमच्याकडे. सोयरीक जुळवणाऱ्यालासुद्धा ते वर्षभर पुरतं. त्या उत्तराआड मी मजेत लपलो होतो. एमपीएससीच्या संयुक्त परीक्षेची पूर्व दोनदा निघाली, मुख्य एकदा दोन मार्कांनी गेली. त्या दोन मार्कांनी माझा जितका घात केला तितका वीस मार्कांनी केला नसता. वीसने गेली असती तर गाव गाठलं असतं. दोनने गेल्यावर माणूस आन्सर की काढून बसतो आणि कोणत्या प्रश्नावर हरकत घ्यायला हवी होती ते मोजतो. त्यात 2016 पासून वयोमर्यादा खुल्या गटाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 झालेली. निर्णय चांगल्या हेतूचा आहे, अनेकांना त्याने हात दिला. माझ्यासारख्याला मात्र त्याने थांबायचं कारणच ठेवलं नाही. अजून दहा वर्षं शिल्लक दिसायची.

11 मार्च 2021 तुम्हाला आठवत असेल. 14 तारखेची राज्यसेवा पूर्व तीन दिवस आधी पुढे ढकलली आणि सगळी पेठ रस्त्यावर उतरली. मीही शास्त्री रोडवर बसलो होतो, घसा बसेपर्यंत ओरडलो. रात्री अभ्यासिकेत परतलो तर तुम्ही पायरीवर बसलेले. का कोण जाणे, पण तुम्हाला खरं सांगून टाकलं. परीक्षा पुढे गेल्याची बातमी आली तेव्हा राग यायच्या आधी मला हायसं वाटलं होतं. घोषणा त्याच्या नंतरच्या. आजूबाजूला पोरं खरोखर रडत होती आणि मला आतून सुट्टी लागल्यासारखं झालं होतं.

तुम्ही म्हणालात, "हं."

आणि थोड्या वेळाने, "वॉटर कूलर बंद पडलाय. फिजिक्सवाला ना तू? बघ जरा."

त्या वेळी मला तुमचा राग आला होता, नाना. मी एवढं पोटातलं काढून ठेवलं आणि हे कूलरचं काय बोलतात? तरी उठलो. मागची जाळी काढली तर कंडेन्सरवर धुळीची गोधडी. ती ब्रशने झाडली, पण कॉम्प्रेसर नुसता हुंकार द्यायचा आणि गप्प व्हायचा. त्याला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर गेला असणार. तो काढायच्या आधी त्यातला साठलेला चार्ज उतरवून घ्यायचा असतो हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. हाताला ते माहीत नव्हतं. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या आणि तुम्ही पायरीवरून न बघता विचारलंत, "बसला का?"

दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीतून नवा कपॅसिटर आणून बसवला. कूलर सुरू झाला. तुम्ही वहीत लिहिलंत: कूलर दुरुस्ती, 27 नंबर, 350 रुपये. आणि रोख मोजून दिलेत. मी नको नको म्हणत होतो, पण पुण्यात आल्यापासून ती माझी पहिली कमाई होती. पावणेचार वर्षांतली. ते पैसे मी खर्चले नाहीत असं लिहायला छान वाटलं असतं, पण त्यातून त्याच रात्री मेसचं बिल भागवलं.

21 तारखेला पेपर झाला, तो दिलाही. मग एप्रिलमध्ये सगळं बंद पडलं आणि मी गावी गेलो. तिथे सल्ल्यांना तोटा नव्हता. शाळेतले सर म्हणाले, अजून एक अटेम्प्ट दे. मामा म्हणाला, पोलीस भरती बघ. मोबाइलवर एक वक्ते सांगत होते की गर्दी सोडा, स्वतःची वाट काढा. तेही समोर बसलेल्या हजारभर पोरांना एकदम सांगत होते, आणि पोरं एकदमच टाळ्या वाजवत होती. तुम्हाला फोन करून विचारलं, "नाना, काय करू?" तुम्ही म्हणालात, "माझी तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात गेली. मला त्या राज्यसेवेतलं काय कळतं? आणि तुझ्यातलं तर त्याहून कमी." फोन ठेवलात.

आयटीआयचा फॉर्म भरला तो त्यानंतर, कुणालाही न विचारता. फ्रीज-एसीचा ट्रेड, दोन वर्षांचा. अभ्यासिका पुन्हा उघडल्यावर खुर्ची सोडायला आलो, तेव्हा तुम्ही माझी अनामत हातात ठेवलीत आणि म्हणालात, "खुर्ची दिवाळीपर्यंत तुझ्याच नावावर राहू दे. पैसे नकोत. नाही जमलं तिकडे, तर ये."

हे जगाला सांगायचं म्हणून मी हे पत्र उघडं लिहितोय. टाळेबंदीत तुमचे महिनेच्या महिने बुडाले होते. जागेचं भाडं थकलेलं, हे मला नंतर कळलं. महिना 900 रुपयांच्या खुर्चीला रांग लागली होती. आणि तुम्ही त्यातली एक, खिडकीजवळची, एका आयटीआयवाल्यासाठी रिकामी ठेवलीत. माझं धाडस वगैरे काही नव्हतं, नाना. परत यायला जागा होती म्हणून मी गेलो. ती नसती तर मी फॉर्म मागे घेतला असता, हे मला पक्कं माहीत आहे.

वर्गात सोळा-सतरा वर्षांची पोरं होती. मी अठ्ठावीसचा. ती मला काका म्हणायची आणि शिकवणारे सर माझ्याहून दोन वर्षांनी लहान, ते अवघडून "अहो" म्हणायचे. तांब्याच्या नळीचं पहिलं ब्रेझिंग, म्हणजे तापवून सांधा जोडणं, करताना नळीच वितळवली. फ्लेअरिंग, म्हणजे नळीचं तोंड पसरवणं, जमायला महिना गेला. ऑक्टोबरच्या अखेरीस एका दुपारी लक्षात आलं की आठवडाभरात मी कट-ऑफ बघितलेला नाही. त्या संध्याकाळी तुम्हाला फोन केला की सत्तावीस नंबर देऊन टाका. तुम्ही पुन्हा "हं" म्हणालात. त्या "हं"चा अर्थ मला आता जरा लागतो.

वडिलांचं राहिलं. ते ऐकणार नाहीत, रागावतील, अशी माझी तयारी होती. पण मी घरी सांगितलं तेव्हा ते नुसतं "बरं" म्हणाले. दोन वर्षांनी बोलता बोलता कळलं की तुम्ही त्यांना आधीच फोन केला होता. मी विचारलं, "काय म्हणाले नाना?" वडील म्हणाले, "काय न्हाय. पाऊसपाणी इचारलं. मग म्हणले, तुमच्या पोरानं आमचा कूलर दुरुस्त केला, झ्याक चालतोय. येवढंच." त्या एका वाक्यावर आमच्या वडिलांनी पारावर सहा महिने काढले. पोरगं पुण्यात कूलर दुरुस्त करतं!

आज धायरीला माझा गाळा आहे, हाताखाली एक पोरगा. एप्रिल-मेमध्ये जेवायला फुरसत नसते. जुलैत फोन वाजत नाही आणि हप्ता चुकत नाही, तेव्हा अठ्ठावीस नंबरवाल्याचा पगार आठवतो. आठवू नये असं नाही. तीन स्थळांनी "एसीवाला" म्हणून नकार दिला, चौथीने होकार देताना आधी घरचा एसी दुरुस्त करून घेतला. गिऱ्हाइकं "गॅस संपला" म्हणून बोलावतात, त्यांना दर वेळी सांगतो की गॅस संपत नसतो. बंद नळीतला गॅस जाणार कुठे? गळती असेल तर ती शोधायची, नुसता गॅस भरून बिल लावायचं नाही. हे ऐकून काही जण दुसऱ्याला बोलावतात. चालायचंच.

गेल्या एप्रिलमध्ये तुमच्याकडे एसीची सर्व्हिसिंग करायला आलो होतो. ब्रॅकेट सैल झालं होतं, म्हणून ड्रिल काढलं. सत्तावीस नंबरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, "दादा, आत्ताच लागणार आहे का ते? उद्या पेपर आहे." मी ड्रिल पिशवीत घातलं आणि परवा येतो म्हणालो. तुम्ही दारात उभे होतात.

सोमवारी कूलरची जाळी साफ करायला येतोय. तो कपॅसिटरही बदलू, चार वर्षं झाली त्याला. चहा सांगून ठेवा.

तुमचा,
सत्तावीस नंबर