आई-बाबा, माझा पाय मुरगळलाच नव्हता

आई, बाबा,

आज ६ जुलै २०२५, आषाढी. म्हणजे आईचा उपास, आणि बाबांचा "उपास", दोन वेळा साबुदाणा खिचडी आणि वर शेंगदाण्याचा लाडू. इथं पीजीच्या काकींनी सकाळी मोहरीच्या तेलातला मासा पुढं ठेवला, मी म्हटलं आज उपास, त्या म्हणाल्या कुणासाठी, मी म्हटलं विठोबासाठी, तर त्यांना वाटलं बॉयफ्रेंडचं नाव आहे. कोलकात्यात येऊन आता नववा महिना, तरी ही तऱ्हा.

फोन केला की बाबा स्पीकरवर टाकतात आणि शेजारच्या काकू पण हॅलो म्हणतात, म्हणून टाइप करतेय. बाबा, चष्मा लावून आईला वाचून दाखवा, मध्ये मध्ये तुमची कॉमेंट्री नको, आणि शेवटपर्यंत वाचल्याशिवाय फोन करायचा नाही.

काल मुलींच्या फुटबॉलची भारत-थायलंड मॅच बघितली ना तुम्ही, आम्ही पाच जणी एका फोनवर बघत होतो, लिंक अडकली की सगळ्या एकदम ओरडायच्या. संगीता बासफोरचा पहिला गोल झाला तेव्हा काकी धावत वर आल्या, त्यांना वाटलं कुणी पडलं. मग हाफटाइम झाल्या झाल्या थायलंडनं बरोबरी केली आणि आमच्या रूममध्ये असली शांतता की खालच्या घरातली सिरियल ऐकू येत होती. ७४व्या मिनिटाला परत संगीताच. २-१. त्यांच्या देशात जाऊन, चिआंग माईला, आणि पात्रता फेरी खेळून भारताच्या मुली एशियन कपला पहिल्यांदाच पोचल्या. बाबा, २०२२ आठवतं का, नवी मुंबईत आपल्याच घरात एशियन कप होता आणि टीममध्ये कोविड निघाल्यामुळं एकच मॅच खेळून बाहेर पडावं लागलं, तेव्हा तुम्ही दोन दिवस पेपर उघडला नव्हता.

तर काल मॅच संपल्यावर तुमचा फोन आला, बाबा, आणि तुम्ही म्हणालात, पाय बरा झाला की पुढच्या मार्चला ऑस्ट्रेलियात तूच. मी हो हो म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

माझा पाय मुरगळलाच नव्हता. लिगामेंट नाही, सूज नाही, एमआरआय काढलेला नाही. मला खेळवत नव्हते, एवढंच.

सुरुवात कुठं झाली सांगते. इथल्या क्लबकडून लीगच्या पहिल्या मॅचला बाबांनी गल्लीतली माणसं गोळा करून मोबाइल टीव्हीला जोडला होता, आणि नव्वद मिनिटांत मी एकदाच दिसले, राखीव खेळाडूंचं बिब घालून बेंचवर नखं खाताना. लगेच फोन, का गं उतरवलं नाही? मागं माणसं बोलतायत ते मला ऐकू येत होतं. तोंडातून निघून गेलं, घोटा जरा दुखतोय. बस. पुढच्या मॅचला तो जास्त दुखायला लागला, त्याच्या पुढच्या मॅचला डॉक्टर आले, मग रिहॅब, आणि मे महिन्यात घरी आले नाही ते पण त्याच रिहॅबमुळं, कारण समोर आले असते तर बाबांनी पहिला पाय बघितला असता.

१४ मॅचेसपैकी मी ३ मॅचेसमध्ये उतरले. ११ मिनिटं, ७ मिनिटं आणि २३ मिनिटं. एकूण ४१. आपल्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार तालमींची मॅच असली की तुम्ही ४१ मिनिटं नुसते तिकिटाच्या लाइनीत उभे राहता.

आणि यात कुणाची चूक नाही, राजकारण-बिजकारण काही नाही, तेव्हा "कोचला मी येऊन भेटतो" हे डोक्यातून काढा. मी कमी पडत होते. कोल्हापुरात पोरांच्यात खेळत मोठी झाले, धावायला मी कुणाला ऐकत नाही, पण आपल्याकडच्या मैदानावर बॉल कुठल्या खड्ड्यातून कुठं उडेल सांगता येत नाही, त्यामुळं बॉल येताना डोळे बॉलवरच ठेवायची सवय, नाहीतर गुडघ्यावर नाहीतर तोंडावर. इथं गवत असं सपाट की बॉल सरळ आणि जोरात येतो, आणि बॉल यायच्या आधीच तुम्ही मान वळवून मागं कोण आहे ते बघितलेलं असायला लागतं. मी लेफ्ट बॅक, डावीकडून बचाव करणारी, माझ्या अंगावर त्यांची कडेनं धावणारी विंगर येणारच, आणि मी बॉल बघत बसलेली. माझा पहिला टच झाला की दुसरा तिचाच.

त्याच्यावर कोचनी एक औषध काढलंय. त्या माझ्या मागं उभ्या राहतात, हातात प्लॅस्टिकचा लाल नाहीतर पिवळा कोन, बॉल माझ्याकडं निघाला की मी मागं बघून रंग ओरडायचा आणि मग बॉल घ्यायचा. पहिले पंधरा दिवस रंग बरोबर आला की बॉल पायाखालून जायचा आणि बॉल मिळाला की रंग चुकायचा. रात्री झोपेत मी पिवळा पिवळा ओरडते असं रूममेट सांगते, ती मणिपूरची आहे, तिला आता लाल आणि पिवळा हे दोन मराठी शब्द येतात. आणि समोर कोण असतं बघा, गोकुलम केरळा क्लबची ती युगांडाची फाझिला इकवापुट, या सीझनला एकटीनं २४ गोल मारलेत. तिच्यासमोर रंग चुकणारी लेफ्ट बॅक मी कोच असते तर मी पण उतरवली नसती.

आता पैशाचं. भारतीय फुटबॉल फेडरेशननं २०२३ ला नियम केला की लीगमधल्या प्रत्येक टीमनं निदान १० भारतीय मुलींना वर्षाला कमीत कमी ३ लाख २० हजारांचं कॉन्ट्रॅक्ट द्यायचं. तुम्ही ती बातमी वाचलीत आणि मला तेवढे मिळतात असं धरून चाललात, आणि मी पण धरू दिलं. मी त्या दहांत नव्हते. माझं कॉन्ट्रॅक्ट सीझनपुरतं होतं, आणि सीझन म्हणजे जानेवारी ते एप्रिल. मे पासून क्लबकडून एक रुपया नाही, सकाळी एका शाळेच्या पोरींना शिकवते, त्यात पीजीचं भाडं निघतं आणि थोडं उरतं. इथं सगळ्या नव्या पोरींचं असंच आहे. पेपरात प्रोफेशनल लिहून येतं, पण वर्षातले आठ महिने पुढची ट्रायल कुठं लागतेय तेवढंच बघत बसायचं असतं.

आई, एमआरआयसाठी भिशीचे १५ हजार पाठवलेस. ते बघितल्यापासून मला नीट झोप नाही. तसेच ठेवलेत, हात लावला नाही. खोटं नको, एकदा लावला, १८०० चे स्टड घेतले, जुन्यांचा सोल निघाला होता, पण पुढच्या महिन्यात परत भरले. आज संध्याकाळी सगळे बाबांच्या नंबरवर टाकते. भिशीवाल्या बायकांना काय सांगायचं ते तू ठरव, मी सांगितलंय तसलं काही सांगू नकोस.

तुझं पार्सल पण मिळालं होतं. आंबेहळद आणि रक्तचंदन, उगाळायला सहाण सुद्धा. सहाण, आई! दीड किलोची! ती मी खरंच वापरली, रूममेटचा गुडघा खरंच सुजला होता, तिला रोज रात्री लेप लावायचे. कांदा-लसूण मसाला मात्र दहा दिवसांत संपला, सगळ्या पोरी भातावर घालून खातात.

पोलीस भरतीवरून मी तुझ्याशी भांडले ते पण मागं घेते. बालादेवी २०२० ला स्कॉटलंडच्या रेंजर्सकडून खेळायला गेली, बाबांनी कात्रण काढून कपाटाला चिकटवलं, ती मणिपूर पोलिसात आहे. कालची संगीता एसएसबीत, म्हणजे सशस्त्र सीमा बलात. म्हणजे नोकरी लागली की खेळ संपला असं काही नाही, उलट नोकरी आहे म्हणून त्या एवढी वर्षं टिकल्या. भरती निघाली की फॉर्म भरते. पण ऑगस्टमध्ये इथं एक ट्रायल आहे ती देणार, आणि ती नाही झाली तर इथल्या लोकल लीगमध्ये एखाद्या छोट्या टीमकडून खेळीन, तिथं ४१ पेक्षा जास्त मिनिटं नक्की मिळतील. बाबा, यातलं गल्लीत काय सांगायचं ते तुमच्यावर. "बेंचवर होती" एवढं सांगितलंत तरी चालेल, मी इकडं तोंडानं म्हणून बघितलं, वाटतं तेवढं जड जात नाही.

ट्रायलच्या आधी आठ दिवस येते. आझाद हिंदचं वेटिंग आहे, कन्फर्म झालं तर पुण्यापर्यंत ट्रेन आणि पुढं एसटी. गुडघे दुखत असतील तर स्टँडवर यायचं नाही बाबा, मी येते रिक्षानं.

एकच विचारायचंय, कालपासून डोक्यात घोळतंय. जुने मेसेज बघत होते तर आईला मी डावा पाय सांगितला होता आणि बाबांना उजवा. पाच महिने. तुम्ही दोघं एका घरात राहता, एका ताटात लोणचं वाटून खाता, आणि तुमचं यावर एकदाही बोलणं झालं नाही? की झालं होतं?

तुमची,
बाबी