दादा, त्या दुसऱ्या पोर्टबद्दल थँक्यू

दादा,

तोंडावर थँक्यू म्हणायला गेलो की तुम्ही 'चहा पाज' म्हणून विषय संपवता, म्हणून सगळ्यांसमोर लिहूनच टाकतोय.

पीओईच्या (पॉवर ओव्हर इथरनेट) चिपचा लिनक्स ड्रायव्हर तुमच्याकडे रिव्ह्यूला टाकला तेव्हा मी जाम खुशीत होतो. लॅनच्याच केबलमधून कॅमेऱ्याला पॉवर जात होती, कमांड दिली की पोर्ट चालू, कमांड दिली की बंद, आठवडाभर टेस्ट केलेलं, वाटलं फार तर व्हेरिएबलचा क्रम बदलायला लावाल (तो पण लावलातच, लांब ओळ वर आणि आखूड खाली, हे लिनक्स नेटवर्किंगवाल्यांचं खूळ मला अजून पटलेलं नाही). पण तुमची पहिली कमेंट म्हणजे नुसता एक प्रश्न, "टेस्टला किती पोर्टवर लोड होता?"

एक. आठ पोर्टची चिप आणि माझ्याकडे कॅमेरा एकच.

मग स्टोअरमधून एक आयपी फोन आणला, दुसऱ्या पोर्टला लावला, कॅमेरा बंद केला, आणि फोनची स्क्रीनपण गेली. दोन तास केबली बदलत बसलो, पॉवर सप्लायवर संशय घेतला, स्वतःचा कोड सोडून सगळ्यांवर घेतला.

संध्याकाळी तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि चिपच्या डेटाशीटची दोन पानं शेजारी शेजारी उघडलीत. मी स्टेटस रजिस्टर (चिपमधली पोर्टची सध्याची स्थिती सांगणारी जागा) वाचून, त्यात माझा एक बिट घालून, तेच एनेबल रजिस्टरमध्ये (चालू-बंदचा हुकूम लिहायची जागा) लिहीत होतो, हाताला सवयच ती. स्टेटसमध्ये वरचे चार बिट म्हणजे 'पॉवर गुड' (त्या त्या पोर्टला पॉवर नीट जातेय), आणि एनेबलमध्ये त्याच चार जागा म्हणजे 'हा पोर्ट बंद कर'. म्हणजे जो जो पोर्ट नीट चाललाय त्याचा त्याचा गळा मीच दाबत होतो! एकच कॅमेरा असताना हे दिसणार तरी कसं. "अरे हा भिंतीवरचा स्विच नाही, दाराची बेल आहे, ज्याच्याकडे काम आहे त्याचीच दाब" हे तुमचं वाक्य कोडमध्ये टाकणार होतो, इंग्रजीत बसेना.

वॅटचं गणितही तुम्हीच पकडलंत. ५४ व्होल्ट म्हणजे ५ कोटी ४० लाख मायक्रोव्होल्ट, त्याला मायक्रोअँपने गुणायचं, आणि मी ते ३२ बिटमध्ये कोंबत होतो जिथे जेमतेम ४२९ कोटी मावतात. ६४ बिट केलं तर वॅट काढायचा साधा भागाकार ३२ बिट एआरएम प्रोसेसरसाठी लिंक होईना, म्हणजे बिल्डच अडकला, तेही तुम्ही आधीच लिहून ठेवलेलं, मी वाचलं नव्हतं.

तुम्हाला बग पहिल्याच वाचनात दिसला होता हे मला नंतर कळलं. सरळ उत्तर लिहून मोकळे झाला असतात तर मी ती ओळ बदलली असती आणि पुढच्या चिपला परत तेच केलं असतं.

आयपी फोन अजून माझ्याच टेबलावर आहे, स्टोअरवाला रोज मागतोय. चौथं व्हर्जन टाकलंय, आठही पोर्टवर लोड लावून. वेळ मिळाला की बघा. चहा माझ्याकडून.